सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी?

"बेड रिकामा करायची घाई, दुसरं काय!" दुर्बिणीतून गर्भाशय काढून त्याच संध्याकाळी घरी निघालेल्या सुनेकडे बघत एक सासूबाई आज लिफ्टपाशी म्हणाल्या.

काळजी रास्तच आहे. पण किती तास झाले यापेक्षा, नळी काढल्यावर लघवी आपली आपण झाली का, हे आधी विचारावं. ती अडली तर रात्री पुन्हा पळापळ. खाल्लेलं पोटात राहायला हवं, नुसत्या गोळ्यांवर दुखणं आटोक्यात हवं आणि चालताना चक्कर यायला नको.

खांदा दुखला की घरचे घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते.

तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, ताप 100.4 च्या वर गेला, एक पोटरी सुजली किंवा पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, तर सकाळची वाट बघू नका. आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला झालेली इजा कधीकधी काही दिवसांनी लक्षात येते.

पहिल्या रात्री सोबतीला कोण आहे? आणि रात्री दोनला फोन कुणाला करायचा, तो नंबर लिहून घेतलाय ना?