भरताआधीचं भाषण

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा जानेवारीत होतो, आणि त्याचं कारण वांगी. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या बोरी नदीकाठच्या मळ्यांतली मोठाली हिरवी वांगी थंडीतच खरी चवीला येतात. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात, आणि कळण्याच्या भाकरीसोबत शाळेच्या पटांगणात पंगत. पुण्याला, सुरतेला गेलेली पोरं एवढ्यासाठी रजा टाकून येतात. वांगी भाजून, ठेचून, फोडणी बसेपर्यंत दीड-दोन तास जातात. त्या वेळात हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या आप्पांचं भाषण असतं. निवेदन माझ्याकडे असल्यामुळे मी ही भाषणं अगदी पुढे बसून ऐकली आहेत, आणि हॉस्पिटल म्हणजे काय हे मला तिथेच समजलं.

आप्पा डॉक्टर नाहीत. कॉमर्सची पदवी घेऊन ते जळगावच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात हिशेबनीस म्हणून लागले आणि चढत चढत तिथले मुख्य अधिकारी झाले. गावाला मात्र हा फरक मान्य नाही. ते आले की कुणी एक्स-रेचं पाकीट पुढे करतं, कुणी गुडघा. आप्पा पाकीट आदरानं हातात घेतात आणि म्हणतात, "भाऊ, यातलं मला फक्त बिल वाचता येतं." मग योग्य डॉक्टरांचं नाव, ओपीडीचे वार आणि कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, हे कागदावर लिहून देतात. त्या चिठ्ठीनं किती जणांचे हेलपाटे वाचले असतील!

पहिल्याच भाषणात त्यांनी त्यांच्या खोलीची गोष्ट सांगितली होती. पद मिळालं तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावर एसीची खोली मिळाली. "तिथून मला कबुतरं फार छान दिसायची," आप्पा म्हणाले. "पेशंट एकही दिसायचा नाही." त्यांनी टेबल खाली आणलं, थेट कॅश काउंटरच्या शेजारी. कारण चिडलेला माणूस सगळ्यात आधी तिथेच बोलतो, आणि हॉस्पिटलात काय बिघडलंय ते त्याच्याइतकं कुठल्याच अहवालात सापडत नाही.

डिस्चार्जवर त्यांनी एकदा पूर्ण भाषण केलं. "सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, घरी जा. संध्याकाळी पाचला हॉस्पिटल म्हणतं, आता जा. मधल्या सात तासांचा धनी मी!" पटांगण हसलं, कारण त्यातल्या निम्म्या लोकांनी ते सात तास कधीतरी भोगले होते. पिशव्या भरलेल्या, गाडी सांगून ठेवलेली, म्हातारं माणूस चप्पल घालून खाटेच्या कडेला बसलेलं. मग आप्पांनी ते तास उलगडून दाखवले. राउंड झाल्यावर डिस्चार्ज कार्ड लिहायचं असतं आणि लिहिणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले असतात. न वापरलेली औषधं मेडिकलला परत जातात, लॅबचं शेवटचं बिल यायचं असतं, विमा असेल तर कागद कंपनीकडे जाऊन मंजुरीची वाट बघतात. त्यांनी इलाजही साधाच केला. उद्या कोण घरी जाणार याची यादी आज संध्याकाळीच वॉर्डात लागते, आणि कार्ड रात्रपाळीला अर्धं लिहून होतं. विम्याच्या नियामकानं २०२४ मध्ये कंपन्यांना डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलं, तेव्हा आप्पांनी पेढे वाटले होते म्हणे. माझा विश्वास बसतो.

वॉचमनच्या मुलाखतीला ते स्वतः बसतात, हे ऐकून मागच्या बाकावरचे कुणी तरी हसले होते. आप्पांनी त्यांनाच विचारलं, आपल्याकडे एक आजी ऍडमिट झाली तर बघायला किती जण येतात? पिकअप भरून! आणि भेटायची वेळ चार ते सहा आहे हे दुपारी एकला पोचलेल्या पिकअपला सांगायचं काम कुणाचं? शिट्टी मारणारा वॉचमन तिथे भांडण उभं करतो. "माय, पाच मिन्टं बस, मी तुले बलावस," असं अहिराणीत म्हणणारा वॉचमन अर्ध्या मिनिटात सगळ्यांना सावलीत बसवतो. या बाबतीत मी आप्पांच्या पूर्ण बाजूची आहे. घाबरलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो पगारवाढीच्या वेळी मोजला गेला पाहिजे.

मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं त्यांचं बोलणं बायका फार मन लावून ऐकतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. २०१७ पासून तीच महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. आप्पा म्हणतात, हृदयाचं ऑपरेशन सर्जन करतात, नावाचं ऑपरेशन मला करावं लागतं. रेशनकार्डावर सुमनबाई, आधारवर नुसती सुमन, आणि ज्या मुलानं भरती केलं त्यानं सांगितलेलं नाव तिसरंच. हॉस्पिटलात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर सगळं अडतं. त्या वर्षी भाषण संपल्यावर आप्पांनी सगळ्यांना दोन्ही कागद ताडून बघायला सांगितले, आणि आमच्या मंडळानं मग शाळेतच नावदुरुस्तीचे फॉर्म भरून देण्याचा दिवस ठेवला. मेळाव्यातून निघालेलं इतकं उपयोगी काम दुसरं नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते २०२३ चं भाषण. कोविडची दुसरी लाट सरून बराच काळ गेला होता, पण २०२१ च्या त्या एप्रिलबद्दल आप्पा कधी बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी नववीच्या मुलांना फळ्यापुढे बोलावलं आणि गणित घातलं. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागतो. सिलिंडर किती पुरेल? एका मुलीनं पटकन सांगितलं, ७०० मिनिटं, म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटं. "शाबास. आता दुसऱ्या पेशंटला मिनिटाला ६० लिटर." ती थांबली, खडूनं भागाकार केला आणि हळूच म्हणाली, "दोन ताससुद्धा नाही." आप्पा म्हणाले, "आणि टँकर अजून वाटेत आहे. हे गणित मी रोज रात्री करायचो." त्या वेळी जे बायोमेडिकल तंत्रज्ञ आणि सिलिंडर वाहणारे मदतनीस घरी गेले नव्हते, त्या सगळ्यांची नावं त्यांनी चिठ्ठी न बघता घेतली. पटांगण उभं राहिलं होतं.

हात धुण्याचं भाषण मात्र हसत हसत झालं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे जाणं थांबलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तरी मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर नाराजच झाले. "मोठ्या डॉक्टरला हात धुवा सांगणं आजही सोपं नाही," आप्पा म्हणाले. त्यांनी ते काम वॉर्डातल्या मावशींकडे दिलं. राउंडला निघालेल्या सर्जनपुढे मावशी सॅनिटायझरची बाटली धरते आणि विचारते, "हात धुवाले पैसा लागतस का, साहेब?" आजवर एकाही सर्जननं नाही म्हटलेलं नाही.

येत्या मेळाव्याला आप्पांनी विषय रात्रपाळी असा कळवला आहे, आणि बोलायला स्वतःऐवजी दोन सिस्टर पाठवतो म्हणाले आहेत. ते भाकऱ्या वाढायला थांबणार आहेत. पत्रिकेत सिस्टरांची नावं वर छापायची, असं मी अध्यक्षांकडून कबूल करून घेतलंय. माइकची उंची तेवढी आधी नीट करून ठेवायची आहे.