एफजीएफ अडवला, पण कितव्या तासाला?

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर एसयू ५४०२ हे एफजीएफ (पेशींना निरोप देणारं वाढ-प्रथिन) अडवणारं औषध घातलं, शेपूट आली नाही, की ‘शेपटीसाठी एफजीएफ लागतो’ असं लिहून मोकळं व्हायचं, हे फार पाहायला मिळतं. चूक नाही, पण अर्धवट आहे. तेच औषध, तेवढंच, चार तास उशिरा घातलं तर गोष्ट वेगळी निघते.

सिग्नलची साखळी दर वेळी तीच असते. एफजीएफ हेपरन सल्फेट या पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या मदतीने रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, दोन रिसेप्टर जोडीने येऊन एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात, आणि रास, राफ, मेक या प्रथिनांमधून निरोप ईआरके या प्रथिनापर्यंत जातो. मग पीए३ आणि ईआरएम ही जनुकं चालू होतात. सोबत स्प्राउटी४ आणि डस्प६ही, जी याच साखळीला ब्रेक लावतात. निरोप तोच, तो ऐकणाऱ्या पेशी मात्र दर तासाला वेगळ्या असतात.

२८.५ अंशांवर ब्लास्टुला (पेशींचा नुसता गोळा) अवस्थेतच अडवलं तर धड आणि शेपटीचा मेसोडर्म, म्हणजे स्नायू वगैरे घडवणारा मधला थर, जातो, डोकं बरंचसं राहतं. गॅस्ट्रुला (थर पडण्याची अवस्था) संपत येताना, फलनानंतर साधारण ८ ते १० तासांच्या दरम्यान, कानाचं ठरत असतं. तिथे एफजीएफ३ आणि एफजीएफ८ हे एफजीएफचे दोन प्रकार एकमेकांना सांभाळून घेतात: एक गेला तर कान लहान होतो, दोन्ही गेले तर कानच नाही. एफजीएफ८ बिघडलेला एसरिबेलर हा म्युटंट मासा मध्यमेंदू-पश्चमेंदूची सीमा आणि अनुमस्तिष्क गमावतो. छातीच्या परांना एफजीएफ२४ आणि त्यामागून एफजीएफ१० लागतो, तेही बऱ्याच उशिरा.

सगळ्यात शिकण्यासारखे सोमाइट, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना ओळीने पडणारे मेसोडर्मचे ठोकळे. साधारण दर ३० मिनिटांनी एक जोडी सुटते. शेपटीकडे एफजीएफ जास्त, डोक्याकडे कमी. जास्त असेल तिथल्या पेशी कच्च्याच राहतात. एसयू ५४०२ काही मिनिटंच देऊन धुतलं, तर पक्व होण्याची रेषा एकदम मागे, शेपटीकडे, सरकते आणि एक सोमाइट नेहमीपेक्षा मोठा होतो. पण लगेच नाही. आधी चार-पाच अगदी नीट होतात, कारण त्यांचं आधीच ठरून गेलेलं असतं. म्हणजे किमान दोन तास थांबायचं. अर्ध्या तासात बघून ‘परिणाम नाही’ म्हणणाऱ्यांनी फक्त घाई केलेली असते.

आता करायचं कसं. डीएमएसओ या द्रावकात औषधाचा १० मिलिमोलर स्टॉक, १ मिलिलिटर ई३ मध्ये (भ्रूण ठेवायचं क्षारांचं पाणी) त्याचे २ मायक्रोलिटर, झाले २० मायक्रोमोलर. डीएमएसओ ०.२ टक्के, कंट्रोललाही तेवढाच द्या, नुसतं ई३ कंट्रोल म्हणून चालत नाही. थंड ई३ मध्ये स्टॉक टाकला तर औषध न विरघळता तळाला बसू शकतं आणि भ्रूण ठणठणीत दिसतात. म्हणून ई३ आधी २८ अंशांवर आणा, स्टॉक टाकताच ढवळा, सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक नाहीत ना बघा, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा. कवच काढलेली भ्रूणं प्लास्टिकला चिकटून फाटतात. तळाला अ‍ॅगरोजचा थर द्या.

वेळ घड्याळावर नको, भ्रूणावर मोजा. २५ अंशांवर ठेवलेल्या भ्रूणाला २४ तासांची अवस्था गाठायला जवळजवळ ३० तास लागतात. खोलीतल्या टेबलावर राहिलेली प्लेट आणि इनक्युबेटरमधली प्लेट एका तक्त्यात मांडली, की तक्ता कामातून गेला.

औषधावर एकट्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत. एसयू ५४०२ रिसेप्टरच्या एटीपीच्या जागी बसतं, आणि तसंच रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफच्या रिसेप्टरलाही धरतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांबद्दलचे निष्कर्ष डळमळीत. त्यापेक्षा उष्णतेने चालू होणारा, हिरवा चमकणारा निकामी एफजीएफआर१ (एफजीएफचा एक रिसेप्टर) असलेली माशांची ओळ वापरावी: ३८ अंशांचा शॉक, मग हिरवी आणि न चमकणारी भावंडं वेगळी करायची. न चमकणाऱ्यांनीही तीच उष्णता सोसलेली असते, म्हणून कंट्रोल आयताच मिळतो. मात्र प्रथिन तयार व्हायला वेळ जातो. शॉकची वेळ म्हणजे सिग्नल बंद झाल्याची वेळ नव्हे. ती पकडायची तर काही भ्रूणं मधेच फिक्स करून फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट चढलेला, चालू ईआरके) रंगवा, शेजारी पीए३चं इन-सिटू करा, म्हणजे ते जनुक कुठे चालू आहे ते रंगवून बघा. ईआरके आधी उतरतो, पीए३ मागाहून.