46 डिग्रीत म्हटलं, सर कूलर बंद करा

मे महिना लागला की पेंटर लोकांचे जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच तक्रारीचे असतात, भाऊ कॅनव्हास ढिला पडला. मी नागपुरात ऑइल पेंटिंगसाठी कॅनव्हास बनवून देतो. लकडगंजातून सागवान आणायचं, फ्रेम ठोकायची, कापड ताणायचं, सरस मारायचा, प्रायमर लावायचा आणि माल पेंटरच्या घरी पोचवायचा, एवढाच धंदा. पण मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, महालातल्या एका सरांकडे जे झालं ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

सर म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांना काढायचं होतं बख्त बुलंद शाहचं चित्र, नागपूर वसवणारा गोंड राजा, घोड्यावर बसलेला, साइज 6 बाय 4 फूट. ऑर्डर फेब्रुवारीत आली तेव्हाच मी म्हटलं होतं की सर सुती डक, म्हणजे जाड सुती कापड, घ्या, त्यावर अ‍ॅक्रेलिक जेसोचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या प्रायमरचे, दोनतीन हात मारतो, नागपूरच्या हवेला हेच बरं. सर काही ऐकेनात. नाही म्हणे, मला लिननच पाहिजे, सरसच पाहिजे आणि वर तेलाचा प्रायमर, जुने उस्ताद तसंच करायचे. गिऱ्हाईक आणि त्यातून मास्तर, वाद घालून काय मिळणार.

मग केलं सगळं रीतसर. सरस रात्रभर भिजवला, एका भागाला बारा भाग पाणी, सकाळी भांड्यात भांडं ठेवून कोमट केला (उकळला की त्याची ताकद जाते, नवीन पोरं हमखास उकळतात). आधी कापड चढवलं, चारही बाजूंच्या मध्यावर पहिले स्टेपल, मग समोरासमोर दोन्हीकडे पक्कडीने ओढत ओढत कोपऱ्याकडे, कोपरे सगळ्यात शेवटी. फ्रेमच्या पट्टीला आतल्या अंगाने उतार दिलेला, नाहीतर कापड लाकडाला टेकतं आणि पुढे चित्रावर पट्टीची रेघ उमटते. मधे आडवी पट्टी, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या खाचेत दोन अशा आठ पाचरी, नुसत्या अडकवून ठेवलेल्या (ठोकल्या की फ्रेम जराशी मोठी होते आणि कापड ताणलं जातं). त्यावर सरसाचा पातळ हात. हा कशाला लागतो तर तेलरंगातलं जवसाचं तेल थेट धाग्यात मुरलं तर ते वाळता वाळता कापड कुजवतं. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी खातात पण तेच तेल कापडाला खातं हे कोणाला सांगितलं तर हसतात. तेलाचा प्रायमर वाळायला काही आठवडे गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला माल दिला, टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजत होता, सर खूश.

तेव्हा कूलर सुरू व्हायचे होते.

नवतप्यात एक दिवस सकाळीच फोन. सरांचा आवाज चढलेला, "तुम्ही कापड हलकं दिलं जी, पोट सुटलं त्याला, आणि कोपऱ्यात फाटून पण राहिलं." डोक्याला दुपट्टा गुंडाळला, हत्यारांची पिशवी घेतली आणि निघालो. अकरा वाजले नसतील तरी रस्त्याकडे बघवत नव्हतं.

खोलीत पाय टाकला आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. खिडकीत हा मोठा लोखंडी कूलर, गवताच्या ताट्या नवीन, आणि त्याच्या बरोब्बर समोर पाचसहा फुटांवर ईझलवर राजासाहेब. कॅनव्हास खालच्या बाजूला चांगला लोंबलेला, घोड्याचं पोट खरंच सुटल्यासारखं दिसत होतं. मी न बोलता मागच्या बाजूला गेलो. आठही पाचरी पार मुळापर्यंत ठोकलेल्या, एका कोपऱ्याचा सांधा उघडा पडलेला, तिथल्या घडीत स्टेपलजवळ बोटभर चीर. नशीब की चीर बाजूला होती, समोर नाही.

"सर पाचरी कोणी ठोकल्या?"

"मीच. ढिला झाला की थोडी थोडी ठोकत होतो. आणि पुतण्याने यूट्यूबवर पाहून मागून पाण्याचा स्प्रे पण मारला होता, दोन तास टाइट राहिला, मग जैसे थे."

पाण्याचा स्प्रे! सुती कापड आणि अ‍ॅक्रेलिक असेल तर एकवेळ चालून जातं, पण खाली सरस असताना पाणी मारायचं म्हणजे रंगाच्या खालचा पायाच मऊ करायचा, पुढेमागे पापुद्रे निघायचेच.

माझ्या पिशवीत हवेतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर असतं. ते कूलरसमोर ठेवलं, आकडा 74 टक्क्यांवर गेला. सरांना घेऊन गच्चीवर गेलो, थोडं थांबलो, 14. सर म्हणाले मीटर बिघडलं असेल. मग विचारलं कूलर रात्री चालतो का, तर नाही, रात्री सगळे गच्चीवर झोपतात, खोली बंद. झालं, गणित पूर्ण. सरस कोरडा असला की आकसतो आणि कापडाला ओढून धरतो, ओलावा चढला की मऊ पडतो आणि पकड सोडतो. म्हणजे दिवसभर कूलरने कॅनव्हास ढिला, सर पाचर ठोकणार, रात्री बंद खोलीत हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास आकसणार, पण आता फ्रेम पाचरींनी मोठी झालेली, मग त्याने जायचं कुठे, कोपरा फाडूनच जाणार ना. आणि हे रोज. रंग ताजा होता म्हणून निभावलं, वाळून कडक झालेला तेलरंग असता तर राजाच्या चेहऱ्यावर तडे पडले असते.

म्हटलं सर कूलर बंद करा.

"46 डिग्रीत? डोकं ठिकाणावर आहे का?"

पण त्याआधी पाचरी काढणं गरजेचं होतं, कारण कापड आवळलं की त्या निघत नाहीत. चित्र गादीवर पालथं घालायची सोय नाही, रंग ओला, म्हणून सरांनी आणि पुतण्याने फ्रेम उभीच धरली आणि मी मागून हलक्या हातोडीने एकेक पाचर सैल केली. एकीचं टोक चिरलं होतं, ती बदलली. उघडा सांधा बसवला, फाटलेल्या जागी आतून लिननची पट्टी चिकटवली आणि स्टेपल जरा बाजूला मारले. मग कूलर बंद, खिडक्या सताड उघड्या. बाहेरची झळ आत आली तसे आम्ही तिघं घामाने निथळत पन्हं पीत बसलो. सर काही बोलत नव्हते. मधेच लाकूड कुरकुरलं. तासाभराने सर उठले, टिचकी मारली, परत मारली, मग मागे जाऊन पाहिलं की मी काही लपवून ठोकलं तर नाही ना. पाचरी सैलच होत्या आणि घोड्याचं पोट आत गेलं होतं.

एवढं झाल्यावर मास्तरांमधला मास्तर जागा झाला, प्रश्नावर प्रश्न. मग मी एम्प्रेस मिलचं सांगितलं. 1877 ला टाटांनी ती इथे काढली, पण सुताला कोरडी हवा सोसत नाही, धागा तुटतो, म्हणून मिलमध्ये हवा दमट ठेवायची मशीन बसवली होती. त्यांना ओलावा पाहिजे होता, तुम्हाला नको आहे, आणि खरं सांगायचं तर हवा कोरडी की दमट यापेक्षा ती दिवसातून दोनदा पालटू नये हे महत्त्वाचं. मागून सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लास्टिकची, शीट लावून दिली, म्हणजे हवेचा बदल कॅनव्हासपर्यंत सावकाश पोचतो. पाचरींना हात लावायचा नाही असं पुतण्याला दटावून सांगितलं, सरांना सांगायची हिंमत नव्हती.

बिल फक्त शीट आणि पाचरीचं लावलं, त्यावरही सरांनी घासाघीस केलीच. पुढच्या कॅनव्हासची ऑर्डर मात्र तिथेच दिली, सुती डक, अ‍ॅक्रेलिक जेसो, जुन्या उस्तादांचं नाव काढलं नाही. कूलर आता शेजारच्या खोलीत गेलाय, सर सकाळी सहा ते नऊ बनियनवर, मानेला ओला नॅपकिन लावून काम करतात. परवा गेलो होतो तर पगडी झाली होती, घोड्याचे मागचे पाय बाकी होते आणि ते काही जमत नाहीयेत म्हणून पुतण्यावर ओरडणं सुरू होतं.