तिसऱ्या पानावरचे भोक

मी ईशान्य अमेरिकेतील एका ग्रंथालयात जुन्या कागदांची दुरुस्ती करते. जितका कागद जुना तितका तो नाजूक, असा लोकांचा समज असतो. पण 1838 सालचे वर्तमानपत्र चिंध्यांच्या लगद्याचे असल्याने ते आजही सुती कापडासारखे हाताला लागते, आणि 1890 चे, लाकडाच्या लगद्याचे, उलगडतानाच तुकडे होऊन पडते. त्यामुळे दक्षिणेकडील एका शहराचे 1838 चे चार पानी पत्र गेल्या महिन्यात माझ्याकडे आले, तेव्हा काम सोपे वाटले. घड्या विरल्या होत्या आणि तिसऱ्या पानावर चार बोटे उंचीचे एक चौकोनी भोक होते.

भोक बुजवणे मला उत्तम जमते, हे मी संकोच न करता सांगते. जपानी कोझो कागदावर सुईने आकार टोचून घ्यायचा, त्या रेषेवर ओला ब्रश फिरवून कागद कापण्याऐवजी फाडायचा, म्हणजे कडेला तंतूंची लव राहते. मग गव्हाची खळ गाळून, ताकाइतकी पातळ करून लावायची. मूळ पानाची कड सरळ कापलेली असेल तर जोड उठून दिसतो, म्हणून ती स्कॅल्पेलने खरवडून उतरती करावी लागते. मी ती चारही बाजूंनी खरवडली. स्कॅनिंगवाले खूश झाले, कारण पानाला भोक असले की त्यांना एक रकाना जास्त भरावा लागतो आणि तेवढ्याचाही त्यांना कंटाळा असतो.

दुसऱ्या दिवशी अहवालासाठी मी त्याच अंकाची दुसरी प्रत मायक्रोफिल्मवर पाहिली. भोकाच्या जागी पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात होती.

अशा जाहिराती म्हटल्या की गुलामगिरीविरोधी चळवळीतला थिओडोर वेल्ड आठवतो. तो धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांच्या धार्मिक पुनरुज्जीवन सभांतून घडलेला माणूस. पाप कळले की ते त्याच क्षणी सोडायचे, हप्त्याहप्त्याने नव्हे, ही त्या सभांची शिकवण त्याने गुलामगिरीला लावली. भाषणांनी आवाज बसल्यावर तो लेखणीकडे वळला. त्याची पत्नी अँजेलिना ग्रिम्के आणि तिची बहीण सारा, चार्ल्सटनच्या गुलाममालक घराण्यात वाढलेल्या या दोघींनी, न्यूयॉर्कच्या एका वाचनालयातून रद्दीत निघालेली दक्षिणेची हजारो वर्तमानपत्रे महिनोन् महिने चाळली आणि त्यांतील जाहिराती निवडल्या. पळालेला गुलाम ओळखू यावा म्हणून मालक स्वतःच त्याच्या अंगावरचे वळ आणि डाग छापत असत. नॉर्थ कॅरोलिनातील एकाने तर लिहिले होते की, पळण्याच्या थोडे दिवस आधी त्याने त्या बाईच्या डाव्या गालावर तापल्या लोखंडाने ‘एम’ हे अक्षर काढण्याचा प्रयत्न केला होता. 1839 मध्ये या जाहिराती घेऊन वेल्डचे ‘अमेरिकन स्लेव्हरी ॲज इट इज’ हे पुस्तक निघाले; त्यातील साहित्य पुढे हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीला उपयोगी पडले. एरवी प्रवचनांचा सुकाळ असलेल्या त्या चळवळीत मला हे पुस्तक सर्वांत धारदार वाटते, कारण त्यात आरोपीच साक्ष देतो.

आमची जाहिरात मी त्या पुस्तकात शोधली. ती सापडली नाही. अर्थात चाळलेले सगळेच काही छापले गेले नसेल. शिवाय भोकाच्या मागच्या बाजूला, चौथ्या पानावर, कापसाचे भाव होते, म्हणजे कापणारा एखादा अडत्याही असू शकतो. कात्रीची कड आणि चाकूची कड भिंगाखाली वेगळी दिसते: कात्रीच्या दर चाव्याला बारीक पायरी पडते, तर चाकू कोपऱ्यात थोडा पुढे जातो. कापणाऱ्याचा घाईत असलेला किंवा सवयीचा हात त्यावरून ताडता आला असता. दुरुस्तीपूर्वीचा फोटो आहे, पण तो अख्ख्या पानाचा.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, ‘‘एवढं मनाला लावून घेऊ नका, खळ तर पाण्याने सुटते.’’ ते खरेच आहे. ठिगळ तासाभरात निघेल. खरवडलेले तंतू मात्र मी त्याच संध्याकाळी ब्रशने गोळा करून कचऱ्यात टाकले होते.