हार्ड डिस्कविना संगणक कक्ष

शाळेसाठी थिन क्लायंट घ्यावेत का, असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो, की मुले त्यावर व्हिडिओ पाहणार आहेत का? कारण खऱ्या थिन क्लायंटमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. टेबलावरच्या डब्याकडे केवळ चित्र येते आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली तेवढ्या परत जातात. टायपिंग किंवा स्प्रेडशीट यांत पडद्याचा थोडाच भाग बदलत असल्याने हे छान निभते. मात्र १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सेकंदाला २५ चित्रे कॉम्प्रेस न करता पाठवायची झाल्यास सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट लागतात आणि गिगाबिट जोडणीची कमाल क्षमताच १२५ मेगाबाइट आहे. कॉम्प्रेस केल्यास जोडणी मोकळी होते, पण तो भार सर्व्हरच्या प्रोसेसरवर पडून साऱ्या वर्गाचे काम रखडते.

म्हणून जुने पण धडधाकट संगणक हाताशी असतील, तर ऑपरेटिंग सिस्टीम नेटवर्कवरून घ्यावी आणि प्रोग्रॅम त्या त्या संगणकावरच चालवावेत, असे माझे मत आहे. १९९९ साली सुरू झालेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजेच एलटीएसपी, २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला तो मुख्यतः याच पद्धतीसाठी. सर्व्हरवर लागणारे प्रोग्रॅम बसवून 'एलटीएसपी इमेज' ही कमांड दिली की त्या मांडणीची केवळ वाचता येणारी प्रत तयार होते आणि सगळे क्लायंट, म्हणजे मुलांपुढचे संगणक, तीच वापरतात. मुलांच्या फाइली सर्व्हरवर राहतात, तर सिस्टीममध्ये केलेले उद्योग रॅममध्येच राहून संगणक बंद होताच पुसले जातात. वीज अचानक गेली तरी क्लायंटवर बिघडण्यासारखे काही नसते, ही लोडशेडिंगच्या गावात लहान सोय नव्हे. सर्व्हरला यूपीएस मात्र हवाच.

खरी परीक्षा असते ती बूट होण्याच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, पहिल्या मिनिटात. नेटवर्क कार्ड पीएक्सई, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होण्याच्या, पद्धतीने आयपी पत्ता मागते, पत्त्यासोबत बूट फाइलचे नाव मिळते आणि टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने ती फाइल उतरते. बहुतेक शाळांत पत्ते वाटण्याचे काम इंटरनेटचा राउटर करतच असतो, त्यामुळे तेथे पत्ते वाटणारा दुसरा (डीएचसीपी) सर्व्हर उभा करणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. त्यापेक्षा आपल्या सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने चालवावा, म्हणजे पत्ता राउटर देतो आणि बूट फाइलचे नाव आपला सर्व्हर. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३' दिसले, तर पत्ता मिळाला पण फाइलचे नाव मिळाले नाही, म्हणजे डीएनएसमास्कची सेटिंग पाहावी. 'ई५१' दिसले, तर उत्तरच आलेले नाही. अशा वेळी केबल ठीक असल्यास मला पहिला संशय स्विचमधील स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे जोडण्यांचे वर्तुळ होऊ न देणाऱ्या सोयीचा, येतो, कारण पोर्ट सुरू होऊन वाहता व्हायला तो ३० सेकंद घेऊ शकतो आणि तोवर नेटवर्क कार्डाचा धीर सुटलेला असतो. क्लायंटच्या पोर्टांवर ही वाट पाहणे टाळणारे पोर्टफास्ट सेटिंग चालू केले की हा प्रश्न मिटतो.

सर्व्हरवर नवे खाते उघडल्यावर 'एलटीएसपी इनिटआरडी' ही कमांड पुन्हा चालवावी लागते, कारण खात्यांची यादी बूट होतानाच क्लायंटकडे जाते. जूनमध्ये नवे प्रवेश झाले की शिक्षकांचे फोन येतात ते बहुधा यासाठीच.