तीळभर अंतराच्या गोष्टी

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईत फोर्ब्ज कंपनीच्या ऑफिसात शिरतात आणि आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची, चौकशी करतात. काउंटरवरची बाई याद्या चाळून बघते आणि सांगते, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. झालं. पंत बाहेर पडतात आणि इतिहासाची पुस्तकं धुंडाळायला टाउन हॉलचा रस्ता धरतात. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत या प्रसंगाच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. वाचणाराही तिथे रेंगाळत नाही, कारण त्याला पानिपताचं काय झालं ते हवं असतं.

माझंही तेच व्हायचं. साहजिक आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, ते पडले, मग भाऊसाहेब गर्दीत घुसले, हे सगळं आपण शाळेच्या बाकावरच सोसून झालेलं असतं. त्यात पानिपत आणि संक्रांत ही जोडी डोक्यात इतकी पक्की की त्या दिवशी तिळगूळ खातानाही कुणीतरी विषय काढतंच. अशा माणसाच्या हातात नारळीकर एक बखरीचं पान ठेवतात. त्या पानावर तीच गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून जाते. तीळभर अंतरानं चुकते. मराठे जिंकतात, आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या चार ठिकाणांपुरती उरते. कथेत एका अपघातानंतर पंत ज्या मुंबईत जाऊन पडले आहेत, ती ही मुंबई. मराठी वाचकाला गुदगुल्या व्हायला आणखी काय पाहिजे?

पुढे कधीतरी ते काउंटर पुन्हा आठवलं आणि मग पाठ सोडेना. विश्वासराव म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा. पानिपताची बातमी आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. म्हणजे आपल्या जगात बापानं मुलगा गमावला. त्या दुसऱ्या जगात नानासाहेबांचा मुलगा वाचला, आणि गायतोंड्यांचा नाहीसा झाला. मेला असंही नाही. तो कधी नव्हताच. गोळी तीळभर सरकली त्याचा हिशेब दोनशेहून अधिक वर्षांनी एका रिसेप्शनवर चुकता झाला, आणि समोरच्या बाईला त्याची गंधवार्ताही नाही. नारळीकर हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. ते दोन्ही गोष्टी ठेवतात आणि पुढे जातात.

आणि पुढे काय, तर टोमॅटो! पंत हे सभांचे सराईत अध्यक्ष. ९९९ वेळा अध्यक्षपद भूषवून झालेलं. आझाद मैदानावर व्याख्यान चाललंय आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी, हे त्यांना बघवत नाही. ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात. त्या जगानं मात्र ‘अध्यक्षीय समारोप’ ही भानगड केव्हाच निकालात काढलेली असते. लोक आरडाओरडा करतात, पंत तरीही बोलायला उभे राहतात, मग टोमॅटो येतात, अंडी येतात. ज्यानं गावातल्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत ‘वेळेअभावी मी फार बोलणार नाही’ हे वाक्य ऐकून नंतरचा पाऊण तास काढला आहे, त्याला त्या श्रोत्यांचा मनापासून हेवा वाटेल. पानिपत जिंकल्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कथेचा नंतरचा भाग, जिथे मित्र राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजसिद्धान्त (क्वांटम थिअरी) वगैरे समजावून देतात, तो मी भराभर वाचतो. तो हवा, नाहीतर विज्ञानकथा कसली. पण खुर्चीनंतर सिद्धान्त म्हणजे श्रीखंडावर वरणभात. तरी शेवटी नारळीकर बाजू सावरतात. एवढं जग पालथं घालून आलेला माणूस इतिहास सोडत नाही, संशोधन सोडत नाही. सोडतो ते अध्यक्षपद.

मिस्कीलपणा नारळीकरांच्या अंगातच होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कागदांवर हस्ताक्षर पत्नीचं. पहिलं बक्षीस जगतापांना! याच माणसानं आरशातल्यासारखा उलटा झालेला गोलंदाज आणि उजव्या सोंडेचा झालेला गणपती यांची गोष्ट लिहावी, हे मला अजिबात योगायोगाचं वाटत नाही.

याच जातीची दुसरी आवडती गोष्ट सत्यजित राय यांची, बंकूबाबूंची. बंगालमधल्या एका खेड्यातले हे मास्तर मुलांना भूगोल शिकवतात, पण स्वतः फारसे कुठे गेलेले नाहीत. गावातल्या बैठकीत रोज त्यांची टर उडवतात आणि ते रोज तिथे जाऊन बसतात. (असा एक माणूस प्रत्येक कट्ट्यावर असतो.) प्लूटोकडे निघालेला एक परग्रहवासी वाट चुकून तिथल्या बांबूच्या बनात उतरतो आणि नेमका यांनाच भेटतो. तो त्यांना एका नळीतून उत्तर ध्रुव दाखवतो, आणि तुम्ही फार मुकाट्यानं सोसता, असंही ऐकवतो. बंकूबाबू मग बैठकीत जातात, त्या टोळक्याची खरडपट्टी काढतात आणि बाहेर पडतात. हसू येतं, आणि लगेच जाणवतं की एवढी वर्षं त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी या पृथ्वीवर मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी उत्तर ध्रुव कसा शिकवला असेल, ते राय यांनी लिहिलेलं नाही. मला तो तास वाचायला फार आवडला असता. पण मग मागच्या बाकावरचं एखादं कार्टं उठून ‘सर, तुम्ही पाहिलाय का?’ असं विचारणारच, आणि बंकूबाबू पडले सरळ माणूस. ते ‘हो’ म्हणाले असते.