ओ निगेटिव्ह

अण्णांची बायपास १८ फेब्रुवारी २०१० ला, गुरुवारी ठरली होती. आम्ही कऱ्हाडहून सोमवारी निघणार, आणि शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. टीव्हीवर आधी नऊचा आकडा होता, पुढे तो सतरावर गेला. रविवारी दिवसभर घरचा फोन वाजत राहिला. "पुण्याला जाऊ नका", "तारीख पुढं ढकला." अण्णांच्या तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. तारीख काय म्हणून ढकलायची?

आई, अण्णा आणि मी सोमवारी सकाळच्या एसटीनं निघालो. कात्रजच्या बोगद्यानंतर एरवी गाडीत गडबड सुरू होते, त्या दिवशी सगळे गप्प. स्वारगेटला बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी सूचना एकसारखी चालू होती. बेकरीतला बॉम्ब अशाच एका सोडून दिलेल्या बॅगेत होता, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. आईनं आमची वळकटी पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवली. स्टेशनजवळच्या लॉजवर फोटोचं ओळखपत्र मागितलं. आईचं मतदान कार्ड होतं म्हणून खोली मिळाली, नाहीतर रात्र हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढावी लागली असती.

खरी धावपळ मंगळवारी सुरू झाली. डॉक्टरांनी चार पिशव्या रक्त लिहून दिलं. मागणीचिठ्ठी, अण्णांच्या रक्ताची छोटी नळी आणि बदली रक्तदाते, एवढं घेऊन रक्तपेढीत जायचं. माझं बी पॉझिटिव्ह, मी बदली म्हणून देणार होतेच. गावाकडून दाजी आणि तिघं चुलतभाऊ बुधवारी येणार होते. त्यांतल्या दोघांना घरच्यांनी सोडलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्या आठवड्यात कुणाची आई आपलं पोर पुण्याला पाठवायला तयार होती?

पण अडचण दात्यांच्या संख्येची नव्हतीच. अण्णांचं रक्त ओ निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात जेमतेम पाचेक जण निगेटिव्ह गटाचे असतात, त्यातही ओ निगेटिव्ह आणखी कमी. आणि ओ निगेटिव्ह माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. मी काउंटरवर म्हणाले, "शनिवारी रात्री तर इथं रक्त द्यायला रांग लागली होती म्हणे." तिथल्या मॅडमनी मला आत बसवून नीट समजावून सांगितलं, ते मी आजही भेटेल त्याला सांगते. जखमी माणूस आला आणि गट तपासायला वेळ नसला, की त्याला पहिली पिशवी लागते ती ओ निगेटिव्हची, कारण ती बहुतेक कुणालाही चालते. म्हणून अशा रात्री सगळ्यात आधी तोच साठा संपतो. त्यांच्या यादीतले ओ निगेटिव्ह दातेही बहुतेक सगळे शनिवारी-रविवारीच धावत येऊन देऊन गेले होते. आता तीन महिने त्यांच्याकडून घेता येणार नव्हतं. फ्रिजमध्ये पॉझिटिव्हच्या पिशव्यांची थप्पी होती, त्याही पस्तीस-बेचाळीस दिवसांच्या मुदतीच्या. आमच्यासाठी दोनच पिशव्या निघाल्या.

उरलेल्या दोनसाठी मॅडमनी यादीवरच्या काही दात्यांना स्वतः फोन लावले, त्यांना विचारून मग नंबर माझ्या हातात दिले. एक प्राध्यापिका होत्या, कोरेगाव पार्कच्या एका गल्लीत राहणाऱ्या. त्यांना आणायला मी बुधवारी गेले. नॉर्थ मेन रोडवर बेकरीच्या बाजूला पोलिसांचे कठडे, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. दिसायला नकोच होतं. रस्त्याच्या कडेला झाडाच्या बुंध्याशी काचेचा चुरा झाडून ठेवला होता, आणि कुणीतरी त्यावर पाणी मारलेलं, धूळ उडू नये म्हणून. एवढंच मी पाहिलं आणि मान खाली घालून पुढे गेले.

बाई लगेच निघाल्या, पण पेढीत त्यांचं हिमोग्लोबिन कमी भरलं. निळ्या पाण्यात बोटाचा एक थेंब सोडतात. बुडाला तर रक्त घट्ट, तरंगला तर नाही. त्यांचा थेंब क्षणभर खाली गेला आणि परत वर येऊन थांबला. तो थेंब बुडावा म्हणून मी मनातल्या मनात विठ्ठलाचा धावा करत होते. बाईंनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही जेवला आहात का?" मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

तिसरा फोन ताडीवाला रोडच्या एका रिक्षावाल्या काकांना होता. ते म्हणाले, "ताई, तुम्ही थांबा तिथंच, मी येतो." आले आणि मला घेऊनच पेढीकडे निघाले. मागच्या सीटला कव्हर नव्हतं, पिवळा स्पंज उघडाच होता. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"शनिवारी तिकडनं ससूनला तीन फेऱ्या केल्या," ते समोर बघतच म्हणाले. "कव्हर लई घासलं. डाग निघंना. काढून टाकलं."

पुढे बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं, त्या रात्री पेढीतून त्यांनाही फोन आला होता. येतो म्हणाले, पण हात इतके थरथरत होते की रिक्षा बाजूला लावून पहाटेपर्यंत तिथंच बसून राहिले. म्हणून त्यांचं द्यायचं राहिलं होतं. म्हणून ते आता देऊ शकत होते. त्यांचा थेंब सरळ तळाला गेला.

चौथी पिशवी एका हिंजवडीच्या मुलानं दिली, रात्री साडेदहाला, कंपनीची बस सोडून आला होता. नाव विचारायच्या आत गेलासुद्धा.

एक गोष्ट आम्हाला आधी कळली असती तर बरं झालं असतं. आज दिलेलं रक्त आजच मिळत नाही. एचआयव्ही, कावीळ, मलेरिया अशा चाचण्या होतात, मग पेशंटच्या नळीशी जुळवून बघतात. त्यामुळे ऑपरेशन गुरुवारचं शनिवारवर गेलं. बदली दात्यांनी पोटभर खाऊन जावं, आणि दुर्मीळ गट असेल तर तारीख ठरल्याच दिवशी पेढीत नोंद करावी. आम्ही दोन दिवस आधी गेलो, ही आमची चूक.

शुक्रवारी रात्री थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पिशव्या नेत होते. तोंड चिकटपट्टीनं बंद. मालधक्का चौकात नाकाबंदी होती, आणि माझ्या हातात बंद डबा. हवालदारांनी उतरायला लावलं, डबा लांब ठेवायला सांगितला. मी मागणीचिठ्ठी दाखवली. त्यांनी पट्टी हळूच सोडवली, आत पाहिलं, झाकण लावलं आणि स्वतःच्या अंगठ्यानं पट्टी परत दाबून दाबून बसवली. "कुणाचं?" म्हणाले. "वडिलांचं." त्यांनी पुढच्या गाड्या थांबवून आमच्या रिक्षाला वाट करून दिली.

ऑपरेशन नीट झालं. बारा दिवसांनी अण्णांना घरी सोडलं. स्वारगेटला जायला मी त्याच काकांना फोन केला. अण्णांना त्यांनी हाताला धरून बसवलं, छातीला हिसका बसू नये म्हणून खड्डे चुकवत चालवली. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. सीटवर हात फिरवत ते म्हणाले, "कव्हर नवं दिसतंय."

"व्हय," काका म्हणाले, "कालच बसवलं."